अकरा मिनिटांचं गाऱ्हाणं

मी खोटं बोलतो हे मालवणच्या बाजारात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. कसालला चढलेल्या माणसाला बसायला जागा मिळाली नाही तर निदान एक गोष्ट तरी मिळावी, एवढाच माझा हेतू. बांगड्यांच्या त्या मोठ्या वर्षी मी जेटीपासून किल्ल्यापर्यंत बांगड्यांच्या पाठीवरून चालत गेलो आणि चपलांच्या तळव्यांची खवलं आई महिनाभर घासत होती, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता मलाच माझ्या चपलांचा वास येतो. इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसांनी दारूच्या संशयाने फणस कापायला लावला, तर आतून कोंबडी पिल्लांसकट चालत बाहेर आली, ही गोष्टही माझीच. तेव्हा पुढे सांगतो ते खरं आहे असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. तय्यबसुद्धा हसला.

बाजारपेठेत जिथे दोन रिक्षा समोरासमोर आल्या की दोघा ड्रायव्हरांच्या सात पिढ्यांची उजळणी होते, तिथे कापडाच्या दुकानांच्या रांगेला लागून एक बाग आहे. बाग म्हणजे काय, पूर्वीचं तळं. ते आटलं, कुणीतरी माती टाकली, नगरपालिकेने तीन बाकडी ठेवली. ओवळाचं झाड, म्हणजे तुमची बकुळ, तिथे आधीपासूनच होतं. चारी बाजूंना चिऱ्यांची उंच भिंत आणि आत उतरायला सतरा पायऱ्या. पर्यटकांना ती बाग दिसत नाही. ते वरच्या वर किल्ल्याची होडी, स्कूबा आणि पार्किंग विचारत निघून जातात. देव त्यांचं भलं करो, आणि त्यांना असंच वरच्या वर ठेवो.

त्या पायऱ्यांची गंमत सांगतो. तिसऱ्या पायरीवर हॉर्न सुटतात. सातवीवर उसाच्या चरकाची घुंगरं सुटतात. बाराव्या पायरीला मासळीवालीची हाक फक्त वासासारखी उरते. सतराव्या पायरीवर पाय टेकला की ओवळाचं फूल पडल्याचंसुद्धा कळतं. मी लोकांना सांगतो की वरचे आवाज रात्री घसरून या खड्ड्यात पडतात आणि झाडूवाली सुभद्रा सकाळी येऊन दोन टोपल्या हॉर्न झाडून नेते. सुभद्राला विचाराल तर ती म्हणेल, ‘‘दोन खंय, शनिवार-रविवार चार!’’ बाई माझ्याच जातीची आहे.

माझ्या मुलाचा फ्लॅटही बाजारातच. खाली बर्फ फोडायचं यंत्र, वर पाण्याचा पंप, मध्ये आम्ही. मुलाला दोष नाही, त्याने प्रेमाने आणलं. पण रोज संध्याकाळी सतरा पायऱ्या उतरताना मी प्रत्येक पायरीला मनातल्या मनात हात लावतो. त्या बागेने मला या वयात जे दिलं ते पेन्शनने दिलं नाही. तिने मला ऐकणारा दिला.

तो ऐकणारा म्हणजे तय्यब. सुक्या मासळीचा व्यापारी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि ठार बहिरा. कान जाऊन दोन वर्षं झाली होती. तो बाकड्यावर यायचा, मी शेजारी बसायचो आणि बोलत सुटायचो. त्याला ओ की ठो कळत नसे, पण माझ्या तोंडाकडे बघून तो बरोबर जागी मान हलवायचा. एवढा सज्जन श्रोता मला तीस वर्षांत एसटीत भेटला नव्हता.

मग त्याच्या सुनेने, अकिलाने, कुडाळहून कानात घालायचं मशीन आणवलं. ते घालून तो पहिल्यांदा बागेत उतरला त्या दिवशी मी बांगड्यांची गोष्ट लावली होती. अर्धी गोष्ट ऐकून तो माझ्याकडे बघतच राहिला.

‘‘भिकाजी, दोन वर्षां तू ह्याच बोलत होतंस?’’

‘‘मगे काय?’’

‘‘शिरा पडो तुज्या तोंडार! माका वाटला, तू काय तरी शानपणाचा सांगतंस!’’

पण मशीनचा कान पुढे करून म्हणाला, ‘‘पुढे काय झाला तां सांग.’’

मशीनची खोड अशी की ते सगळ्यांना एकाच पंगतीला बसवतं. माणूस, मिक्सर, मोटरसायकल, सगळे सारखेच मोठे. तय्यबचं घर मासळी बाजाराच्या तोंडावर. तिथे मशीन लावलं की त्याला डोक्यात लिलाव चालल्यासारखं वाटे. दर्यावर गेला तर वारा कानात शिट्टी घाली. अख्ख्या मालवणात त्याला माणसाचा शब्द शब्दासारखा ऐकू येई तो फक्त आमच्या खड्ड्यात. म्हणून तोही माझ्यासारखाच पायऱ्यांना हात लावू लागला. मी मनातल्या मनात लावतो, तो खरोखर वाकून लावतो.

आता तय्यबचा नातू, अकिलाचा मुलगा, शाहीद. आईबरोबर याच घरात वाढलेला, आजोबाच्या मांडीवर बसून सुकी कोळंबी निवडलेला. तो मालवाहू बोटीवर नोकरीला लागला आणि नेमके त्याच सुमारास म्हाताऱ्याचे कान गेले. पोरगा फोनवर दिसायचा, पण ऐकू यायचा नाही. तय्यब म्हणे, ‘‘काचेत ठेवलेल्या माश्यासारखो दिसता रे. तोंड उघडता, मिटता. मी आपलो हात हलवतंय.’’ मशीन आलं तेव्हा शाहीदची बोट भर समुद्रात होती. आता ती कुठल्याशा परमुलखातल्या बंदराला लागली होती. शुक्रवारी आपल्या पाच वाजता तो फोन करणार होता. सहाला बोट सुटणार, आणि मग अडीच महिने पाणीच पाणी.

‘‘दोन वर्षांनी नातवाचो आवाज आयकतलंय,’’ तय्यब आठवडाभर हेच एक वाक्य बोलत होता. माझ्या गोष्टी त्याने आठवडाभर ऐकल्या नाहीत. मी रागावलो नाही. म्हणजे, थोडाच रागावलो.

शुक्रवारी चार वाजता मी बागेच्या तोंडाशी आलो. पायऱ्यांना लागूनच मंगेशच्या नव्या कापडाच्या दुकानाचं उद्घाटन. दारात झेंडूची तोरणं, लाल फीत, आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. रस्त्याकडे तोंड केलं तर गाड्या अडतात म्हणून ते वळवले होते, नेमके बागेकडे. गाणं असं दणाणत होतं की खाली ओवळाची फुलं ठेक्यावर पडत होती.

मी मंगेशला गाठलं. ‘‘मंगेशा, पाच ते सवापाच आवाज बंद ठेवशीत?’’

‘‘आबानू, पाचचोच मुहूर्त! फीत कापली काय गाणी.’’

‘‘तय्यबचो नातू बोटीवरसून फोन करतलो. तय्यब दोन वर्षांनी तेचो आवाज आयकतलो. खाली बागेतच तेका आयकाक येता.’’

मंगेश हसला. ‘‘आणि ती बोट बांगड्यांच्या पाठीवरसून येता काय?’’

‘‘देवाशपथ खरा सांगतंय.’’

‘‘माजो पायो खणताना पण देवाशपथच सांगलात! दुकानाच्या खाली भुयार आसा, थेट किल्ल्यात जाता म्हणान. तीन दिवस कामगार खणीत होते, आबानू! काय गावला? एक फुटकी बरणी!’’

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून गेलं, ‘‘बरणी जुनी होती.’’

‘‘बघलात?’’ म्हणून मंगेशने हात जोडले आणि तो पाहुण्यांकडे वळला.

आयुष्यभर थापा मारल्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. खरं बोलायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे खरं बोलणारं तोंडच नव्हतं.

खाली उतरलो. सतराव्या पायरीवरही गाणं तसंच छातीत धडकत होतं. तय्यब इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून बाकड्यावर बसला होता. शेजारी अकिला फोन धरून. त्याने मशीन कानातून काढलं, फुंकर मारली, परत घातलं.

‘‘वादळ इला काय रे?’’

‘‘दुकानाचा उद्घाटन,’’ मी हाताने खुणा करत सांगितलं.

तो खिशातला रुमाल काढून फोनची काच पुसत बसला. मग म्हणाला, ‘‘बरा. तोंड तरी दिसात.’’

अकिलाने त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, ‘‘अब्बा, शाहीदचा बोलणा साठवून ठेवतंय. मगे राती निवांत आयका.’’

‘‘साठवलेलो आवाज म्हणजे सुको बांगडो, गो! जन्मभर सुकोच विकलंय. आज माका ताजो होयो होतो.’’

तेवढ्यात वरून गाणं थांबलं आणि मंगेश पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन हाका मारू लागला. ‘‘आबानू! ओ आबानू! वर येवा, माजी लाज राखा!’’

झालं होतं असं. आमच्याकडे दुकान असो, होडी असो की नवी मोटरसायकल, नारळ फोडण्याआधी गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला हाक मारून म्हणणं मांडायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. थोरला मी, म्हणजे मान माझा. पण वडील गेले तेव्हा गावकर, म्हणजे गावचे मानकरी, बसले आणि एकमताने म्हणाले, ‘‘ह्येच्या तोंडात माईक दिलो तर देवसुद्धा खोटो पडात.’’ मान गेला धाकट्या गंगारामकडे. पस्तीस वर्षं झाली. मी त्यावरही एक विनोदी गोष्ट करून टाकली आहे, पण ती मी स्वतः कधी हसून सांगितली नाही. मंगेश आमच्याच गावचा, म्हणून त्याने गंगारामला बोलावलं होतं. आणि गंगाराम कसालला गाडी बंद पडून रस्त्यावर उभा होता.

मंगेशने फोन माझ्या हातात दिला. पलीकडून गंगाराम म्हणाला, ‘‘दादा, तू घाल. मान तुजोच आसा. फक्त एक आयक. गाऱ्हाण्यात खोटा नाय.’’

‘‘नाय,’’ मी म्हणालो.

पाचला पाच मिनिटं कमी होती. मंगेशने एका हातात माईक दिला, दुसऱ्या हातात नारळ. समोर अर्धा बाजार गोळा झालेला. चपलांवाले, भाजीवाल्या, रिक्षावाले टोप्या काढून उभे. गाऱ्हाणं सुरू झालं की मालवणी माणूस हातातलं काम टाकतो, त्याला सांगावं लागत नाही. मी डोळे मिटले. वडिलांचा आवाज आठवला. आणि काय सांगू, तो माझ्याच गळ्यातून बाहेर आला.

‘‘बा देवा म्हाराजा! गावच्या, शिवेवरच्या, दर्यावरच्या, वाटेवरच्या राखणदारा म्हाराजा! आज ह्या लेकराच्या दुकानाक पाय लागतत, तां गोड मानून घे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘गिऱ्हाईक येवंदे, कापड खपांदे, कोणाची नजर लागली आसात ती दर्यात बुडांदे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

आता एक लक्षात घ्या. आमचा माणूस गाऱ्हाण्याला आधी व्हय म्हणतो, आणि कशाला म्हटलं ते नंतर बघतो. लहानपणापासूनची सवय. ‘रे म्हाराजा’ कानावर आलं की तोंडातून ‘व्हय’ सुटतंच. मी काही फसवलं नाही. मी फक्त न थांबता पुढचं खरं सांगितलं.

‘‘आणि म्हाराजा, खाली ह्या खड्ड्यात तुजो एक लेकरू बसलोहा. तय्यब नावाचो. दोन वर्षां तेका नातवाचो आवाज आयकाक येवक नाय. आता पाच वाजता पोरगो बोटीवरसून फोन करतलो, तो तेच्या कानाक पोचांदे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘तो फोन होयसर मी ह्यो नारळ फोडूचंय नाय. आणि ह्यो नारळ फुटासर कोणी हॉर्न वाजवूचो नाय, कोणी गाणा लावूचा नाय, कोणी फुकटची बोंब मारूची नाय रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

मी माईक बंद करून मंगेशच्या हातात दिला आणि नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मंगेशचं तोंड उघडं होतं. आपण कशाला व्हय म्हणालो ते एकेकाच्या चेहऱ्यावर उजाडत होतं, पहिल्यांदा चपलांवाल्याच्या, मग भाजीवाल्यांच्या. पण व्हय गेलेलं होतं. गाऱ्हाण्यातलं व्हय परत घेता येत नाही. मंगेशने स्पीकरच्या पोराला डोळ्याने दटावलं. उसाच्या चरकावाल्याने पट्टा काढला. सुभद्रा झाडू घेऊन नवव्या पायरीवर जाऊन उभी राहिली. तिथून वरही दिसतं, खालीही दिसतं.

पाच वाजले. खाली फोन वाजला.

बाजार गप्प झाल्यावर काय ऐकू येतं हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. कावळा ऐकू आला. दर्या ऐकू आला. इतकी वर्षं तो दोन गल्ल्यांपलीकडेच होता. आणि मग त्या खड्ड्यातून, चिऱ्यांच्या भिंतींवर आपटत, विहिरीतून पोहरा वर यावा तसा एका पोराचा आवाज वर आला.

‘‘दादा? आयकाक येता?’’ त्यांच्या घरात आजोबांना दादा म्हणतात.

मग तय्यब म्हणाला, ‘‘तुजो आवाज जाडो झालो रे!’’

भाजीवालीने पदर तोंडाला लावला. मी वर बघत होतो, नारळाकडे. माझ्या डोळ्यात गेलं ते नारळाची शेंडी असणार.

पुढे काय बोलले ते सगळं सांगणार नाही, ते त्यांचं आहे. जेवला काय, झोप लागते काय, बोटीवर रांधणारा भंडारी मासे करपवतो काय, असंच. मधेच पोरगा म्हणाला, ‘‘भिकाजी आजो अजून थापा मारता?’’ आणि तय्यब म्हणाला, ‘‘आता तर माका आयकाकसुद्धा येतत!’’ अख्खा बाजार आवाज न करता हसला. तुम्ही दोनशे माणसं आवाज न करता हसताना कधी पाहिलीत? खांदे हलत होते नुसते.

सहाव्या मिनिटाला माझे हात थरथरू लागले. नारळ लहान नव्हता, मंगेशने मानाचा म्हणून मोठा निवडला होता. आठव्या मिनिटाला एक पर्यटकांची गाडी आली आणि तिने हॉर्नवर हात ठेवला. फक्त ठेवला. दोनशे डोक्यांनी एकदम वळून बघितलं आणि त्या माणसाने इंजिनसुद्धा बंद केलं. बिचाऱ्याला वाटलं असेल, इथे कोणीतरी गेलंय.

नवव्या मिनिटाला नारळ खाली येऊ लागला. तेव्हा माझ्या कोपराखाली कोणाचा तरी हात आला. मंगेश. मुहूर्त टळून गेलेला, फीत तशीच, आणि तो माझं कोपर दोन्ही हातांनी वर धरून उभा.

‘‘बोलतत अजून?’’ तो कानाशी कुजबुजला.

‘‘बोलतत.’’

‘‘बोलांदे,’’ तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, ‘‘खराच होता, आबानू.’’

अकराव्या मिनिटाला नवव्या पायरीवरून सुभद्राचा झाडू वर गेला. मी नारळ आपटला. एका घावात दोन भकलं, सरळ. शप्पथ. तुम्ही नाही म्हणालात तरी दोनशे साक्षीदार आहेत. आणि त्यानंतर जो काय गोंगाट उठला! स्पीकर, हॉर्न, चरक, टाळ्या. अकरा मिनिटांचा सगळा आवाज बाजाराने एकदम वसूल करून घेतला.

संध्याकाळी सहाच्या पुढे गर्दी पांगली तेव्हा मी नारळाचं एक भकल घेऊन खाली उतरलो. प्रत्येक पायरीला त्या दिवशी मीही वाकून हात लावला. पाठ दुखली, पण लावला. तय्यब तिथेच बसला होता, फोन दोन्ही हातांत धरून. अकिला शेजारी. ओवळाची फुलं त्याच्या टोपीवर पडली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

‘‘आयकलंस?’’ मी विचारलं.

‘‘सगळा,’’ तो म्हणाला. ‘‘भिकाजी, एक शब्द सुटाक नाय. पोरगो श्वास घेतलो तोसुद्धा आयकलंय.’’ मग वर बघत म्हणाला, ‘‘पण तां वादळ एकदम थांबला कसा रे? लाईट गेली काय?’’

मी सांगितलं. गंगारामची गाडी, माझं गाऱ्हाणं, दोनशे माणसांचं व्हय, डोक्यावरचा नारळ, मंगेशने धरलेलं कोपर. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. तय्यब शांतपणे ऐकत होता आणि त्याचं पोट हळूहळू हलायला लागलं.

‘‘थापाड्या!’’ तो हसत सुटला. ‘‘तुका आणि गाऱ्हाणा? मालवणचो बाजार, अकरा मिनटां गप? ह्यापेक्षा ती फणसातली कोंबडी बरी रे!’’

‘‘अब्बा, खरा आसा,’’ अकिला म्हणाली. ‘‘मी आयकलंय ना हयसर बसान. तुमी मशीन काढून बसलेलात, तेवा माईकवरसून तुमचा नाव घेतल्यानी.’’

‘‘तुका पण ह्येचो वारो लागलो, गो!’’

अकिलाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. राहू दे. हसून हसून त्याने डोळे पुसले आणि मशीन कानात नीट बसवून घेतलं, पुढचं ऐकायला.

मी नारळाचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो चावला, डोळे मिटून.

‘‘नारळ मात्र गोड आसा,’’ तय्यब म्हणाला. ‘‘खंय गावलो?’’